निर्लेखनाचा अधिकार कोणाचा?

२० डिसेंबर २०२५ रोजी आर्च लिनक्सच्या चालकांनी एक छोटेसे निवेदन प्रसिद्ध केले. त्याचा आशय असा: एनव्हिडिया कंपनीच्या ड्रायव्हरची ५९० ही नवी आवृत्ती भांडारात येत आहे. पास्कल आणि त्याआधीच्या घराण्यांतील ग्राफिक्स कार्डे या आवृत्तीवर चालणार नाहीत. ज्यांच्याकडे अशी कार्डे आहेत त्यांनी मूळ पॅकेज काढून टाकावे आणि ५८० या मागच्या शाखेचे पॅकेज वापरकर्त्यांनी चालवलेल्या भांडारातून घ्यावे. तसे न केल्यास ड्रायव्हर लोड होणार नाही आणि डेस्कटॉप दिसेनासा होऊ शकेल. पास्कल घराण्यातले जीटीएक्स १०६० हे बहुपरिचित कार्ड जुलै २०१६ मध्ये बाजारात आले होते. म्हणजे साडेनऊ वर्षांच्या आत ते मुख्य प्रवाहाबाहेर गेले.

अशा प्रसंगी जे बोलले जाते ते ठरलेले असते. नऊ वर्षे पुष्कळ झाली, आता नवे कार्ड घ्या; आणि जुन्याचाच मोह असेल तर सतत बदलणाऱ्या प्रणालीचा नाद सोडून एखादी स्थिर प्रणाली धरा. या उपदेशात दोन गृहीतके आहेत. कार्ड आपोआप, वयोमानानुसार जुने होते, हे एक. ते निकामी होण्याचा दोष प्रणालीच्या वेगाकडे किंवा वापरणाऱ्याच्या हट्टाकडे जातो, हे दुसरे. ही दोन्ही गृहीतके चुकीची आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

मराठीच्या अध्यापकांनी या वादात का पडावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे एक उत्तर व्यावहारिक आहे. महाविद्यालयांच्या भाषाविभागांत संगणक येतो तो एखाद्या अनुदानाच्या निमित्ताने. पुढचे अनुदान येईपर्यंत तोच यंत्रसंच पोथ्यांची छायाचित्रे, विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि टंकलेखन यांचा भार वाहतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी पुष्कळ यंत्रे त्यामुळे कायमची बंद व्हायची किंवा लिनक्सकडे वळायची, एवढेच पर्याय उरले. दुसरे उत्तर आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. वरवर यंत्राविषयीचा दिसणारा हा वाद मुळात वाचनाविषयीचा आहे. एखादा मजकूर कोणी वाचावा, कोणी दुरुस्त करावा आणि तो मृत झाल्याचे कोणी ठरवावे, हे प्रश्न आमच्याच विषयाचे आहेत.

चर्चा पुढे नेण्यासाठी काही संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. कर्नल हा प्रणालीचा गाभा. यंत्राच्या सर्व भागांशी तो बोलतो. ग्राफिक्स कार्डाची भाषा जाणणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. लिनक्सवर या दुभाष्याचा एक भाग कर्नलमध्ये असतो आणि दुसरा कर्नलबाहेर. मुक्त ड्रायव्हरांच्या बाबतीत हा बाहेरचा भाग मेसा नावाच्या प्रकल्पात सापडतो. डेबियन किंवा उबंटू यांच्या पुस्तकासारख्या आवृत्त्या निघतात. जड विनेट यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या आर्चला अशी आवृत्ती नाही. कर्नल, मेसा, डेस्कटॉप, जे जसे नवे येईल तसे ते भांडारात उतरते आणि वापरणाऱ्याच्या यंत्रावर पोहोचते. या पद्धतीला रोलिंग रिलीज म्हणतात.

अशा वाहत्या व्यवस्थेत जुने कार्ड नेमके कशामुळे अडते? लिनस टोरवाल्ड्स यांचा एक दंडक प्रसिद्ध आहे: कर्नलच्या बदलामुळे वापरकर्त्याचे चालू कार्यक्रम मोडता कामा नयेत. हा करार कर्नल आणि बाहेरचे कार्यक्रम यांच्यातला आहे. कर्नलच्या पोटातील रचनांना तो लागू नाही. त्या हव्या तेव्हा बदलल्या जातात, आणि त्या तशाच बदलत्या का असाव्यात याचे समर्थन करणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचे टिपण कर्नलच्या दस्तऐवजांतच समाविष्ट आहे. मात्र या स्वातंत्र्याबरोबर एक जबाबदारीही येते. आतली रचना जो बदलतो त्याने कर्नलमधल्या सर्व संबंधित ड्रायव्हरांतही तो बदल करून द्यायचा असतो. जो ड्रायव्हर कर्नलच्या झाडात आहे, ज्याचा मजकूर उघडा आहे, तो या सामूहिक दुरुस्तीत आपोआप सांभाळला जातो. जो झाडाबाहेर आणि बंद पेटीत आहे, त्याला सांभाळणे इतर कोणाच्या हाती नसते. त्याची कंपनी जोवर लक्ष देते तोवर तो चालतो. तिचे लक्ष उडाले की पुढच्या एखाद्या कर्नलला तो अडखळणारच.

वय हेच कारण असते तर एकाच वयाच्या सर्व कार्डांची गत एकसारखी झाली असती. ती तशी झालेली नाही. एएमडी कंपनीने २०१२ मध्ये आपल्या रेडिऑन एचडी २०००, ३००० आणि ४००० या मालिकांना बंद ड्रायव्हरच्या मुख्य प्रवाहातून वगळले. एचडी ४००० मालिकेतली पहिली कार्डे २००८ मधली. म्हणजे चारच वर्षे! पास्कलच्या वाट्याला आलेली नऊ वर्षे त्यापुढे औदार्यच म्हणावे लागेल. पण आज काय दिसते? एचडी ४००० मालिकेतले कार्ड आजच्या आर्चवर, आजच्या कर्नलवर, कोणतेही खास पॅकेज न शोधता चालू शकते. कारण २००७ च्या सप्टेंबरात एएमडीने आपल्या कार्डांची तांत्रिक कागदपत्रे खुली करण्यास सुरुवात केली होती. त्या आधारावर उभे राहिलेले मुक्त ड्रायव्हर कर्नल आणि मेसा यांचे अंग बनले आणि कंपनीने पाठ फिरवल्यावरही जिवंत राहिले. २००२ च्या रेडिऑन ९७०० पासून सुरू झालेल्या घराण्याचा ड्रायव्हर मेसात आजही आहे.

याहून अलीकडचे उदाहरण आणखी बोलके आहे. रेडिऑन एचडी ७००० ही मालिका २०१२ च्या सुमाराची. व्हॉल्व्ह कंपनीसाठी काम करणाऱ्या एका अभियंत्याने २०२५ मध्ये या कार्डांना जुन्या ‘रेडिऑन’ ड्रायव्हरवरून नव्या ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हरवर आणण्याचे उरलेले काम केले आणि कर्नलच्या ६.१९ या आवृत्तीपासून त्यांतल्या बहुतेक कार्डांसाठी तोच ठरलेला ड्रायव्हर झाला. तेरा वर्षांचे कार्ड प्रणाली नवी झाल्यामुळे अधिक चांगले चालू लागले! रोलिंग प्रणाली जुन्या हार्डवेअरची वैरी आहे असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. नव्या कर्नलचा हा लाभ आर्चसारख्या प्रणालीवरच सर्वांत आधी मिळतो. तेव्हा तोच वाहता प्रवाह एका कार्डाला तारतो आणि दुसऱ्याला बुडवतो, याचे कारण त्या दोन कार्डांच्या ड्रायव्हरांतच शोधले पाहिजे.

आता बुडणाऱ्यांकडे पाहू. एनव्हिडियाने आपली जुनी कार्डे एकेका गोठवलेल्या शाखेत ठेवली. जीफोर्स ६ आणि ७ यांच्यासाठी ३०४, २००६ च्या जीफोर्स ८ पासून पुढच्या काही मालिकांसाठी ३४०, फर्मी घराण्यासाठी ३९०, केप्लरसाठी ४७०, आणि आता मॅक्सवेल, पास्कल, व्होल्टा यांच्यासाठी ५८०. ३४० ची देखभाल २०१९ च्या अखेरीस थांबली, ३९० ची २०२२ च्या अखेरीस, ४७० ची २०२४ मध्ये. या शाखा आर्चच्या मुख्य भांडारातून गेल्या तरी आर्च युजर रिपॉझिटरी या वापरकर्त्यांच्या भांडारात तग धरून असतात. ड्रायव्हरचा जो पातळ थर कर्नलशी जुळवून घेतो तो वाचता येतो. स्वयंसेवक दर नव्या कर्नलमागे त्याला ठिगळ लावतात आणि डीकेएमएस नावाची सोय तो थर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधून घेते. गाभा मात्र बंद असतो. ठिगळ कवचालाच लावता येते. ३०४ या शाखेचे उदाहरण पाहा. तिची अखेरची आवृत्ती एक्स सर्व्हरच्या १.१९ पर्यंतच चालत होती. एक्स सर्व्हरची १.२० ही आवृत्ती आली आणि गाभ्याला हात लावणे कोणालाच शक्य नसल्याने तो विषय तिथेच संपला. कार्डातली एकही तार तुटली नव्हती.

मुक्त पर्याय नव्हता असे नाही. ‘नुव्हो’ या प्रकल्पातील मंडळींनी कंपनीच्या मदतीविना या कार्डांची भाषा उलगडली. बंद ड्रायव्हर कार्डाला काय सांगतो, कार्ड काय उत्तर देते, याची नोंद घ्यायची, एक गोष्ट बदलून पुन्हा नोंद घ्यायची आणि आकड्यांच्या रांगांतून अर्थ लावायचा, अशी ती पद्धत. हा ड्रायव्हर २०१० मध्ये कर्नलच्या २.६.३३ या आवृत्तीत आला. २००६ चे जीफोर्स ८८०० आज नव्या प्रणालीवर पडदा उजळू शकते ते या लोकांमुळे.

आमचा खरा राग पुढच्या टप्प्यावर आहे. २०१४ च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाने कार्डातील फर्मवेअरवर सहीची सक्ती आणली. कंपनीची डिजिटल सही नसलेले फर्मवेअर कार्ड स्वीकारत नाही. नुव्होसाठी काही सही केलेले फर्मवेअर कंपनीने दिले, पण कार्डाचा वेग वाढवण्यासाठी लागणारे दिले नाही. परिणामी मॅक्सवेलची दुसरी फळी, पास्कल आणि व्होल्टा ही कार्डे मुक्त ड्रायव्हरवर, संगणक सुरू होताना जो मंद वेग असतो, त्याच वेगात अडकून पडतात. २०१८ च्या ट्युरिंगपासून कार्डातच जीएसपी नावाचा छोटा प्रोसेसर आला आणि ड्रायव्हरची बरीच कामे त्याच्या फर्मवेअरमध्ये गेली. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलमधला आपला भाग खुला केला, पण ट्युरिंग आणि पुढच्या कार्डांसाठीच. म्हणजे केप्लरसारख्या त्याआधीच्या कार्डांचा वेग हाताने का होईना वाढवता येतो आणि नंतरच्यांना खुला मार्ग मिळाला. मधल्या पिढीला मात्र दोन्ही दारे बंद! अलीकडे एनव्हीके हा मुक्त व्हल्कन ड्रायव्हर या मधल्या पिढीवरही चालू लागला आहे. कार्डाची भाषा परकी माणसे आता उत्तम बोलतात. पण कार्डाने पूर्ण वेगाने उत्तर द्यावे यासाठी लागणारी सही कंपनीच्या तिजोरीत आहे. ५८० ची देखभाल थांबेल त्या दिवशी एक धडधाकट कार्ड केवळ सहीअभावी अपंग होईल. याला वार्धक्य म्हणता येणार नाही.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला येथे सकळ लिपीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले. त्यांतली सकळ लिपी ही विशेष प्रसिद्ध. श्रद्धेच्या विषयाची विटंबना होऊ नये, ग्रंथ अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, ही त्यामागची भावना समजून घेता येते. पण परिणाम काय झाला? तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले ‘लीळाचरित्र’, मराठी गद्याचा हा आद्य ठेवा, पंथाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतके अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी या लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली प्रकरणे नव्याने लिहावी लागली. नुव्होच्या कार्यकर्त्यांनी केले ते याच जातीचे काम आहे. फरक आहे तो दोन जागी. पंथाने ग्रंथ जपण्यासाठी कुलूप लावले होते आणि पिढ्यान्‌पिढ्या नकला करून ते जपलेही. येथे जपण्याची जबाबदारी सोडून दिल्यावरही कुलूप तसेच ठेवले जाते. शिवाय सकळ लिपी चिकाटीने उलगडता आली. डिजिटल सहीचे गणित चिकाटीला दाद देत नाही.

आता प्रतिपक्षाच्या आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, स्थिर प्रणाली घेतली असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता. तो उद्भवला असता, थोडा उशिरा. स्थिर प्रणालीही दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती काढते, तिच्यातही नवे कर्नल येते आणि गोठलेला ड्रायव्हर तेथेही अडखळतो. रोलिंग प्रणालीने मरण आणले असे म्हणणे म्हणजे तापमापीने ताप आणला असे म्हणण्यासारखे आहे. ज्याला यंत्रावर रोज निर्वेध काम हवे त्याने स्थिर प्रणाली निवडण्यात काहीच गैर नाही, आम्हीही तसा सल्ला देऊ. पण त्या सल्ल्याने मूळ प्रश्न सुटला असे समजू नये.

दुसरा आक्षेप खर्चाचा. जुन्या कार्डांसाठी अभियंते किती काळ राबवायचे? कंपनीने अनंतकाळ राबावे असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी नेमकी उलटी आहे. तिने खुशाल थांबावे, पण थांबताना किल्ली सोडून जावे. आधार थांबवताना कार्डाची कागदपत्रे खुली करावीत आणि वेग वाढवणारे सही केलेले फर्मवेअर वितरणासाठी मोकळे करावे. ज्या कार्डातून कंपनीला आता एक पैसाही मिळवायचा नाही, त्याचे रहस्य राखून ती नेमके काय राखते? नव्या कार्डांतही त्या रहस्याचे धागे असतील, असे उत्तर दिले जाते. असतीलही. पण मग ‘जुने तंत्रज्ञान’ या शब्दप्रयोगामागे लपू नये. आमच्या सोयीसाठी तुमचे कार्ड बंद पडत आहे, असे सरळ सांगावे.

तिसरा आक्षेप मात्र आम्हांला अस्वस्थ करतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुक्त गोटातही जुन्यांना निरोप दिलेच जातात. आर्चने २०१७ मध्ये ३२ बिटी प्रोसेसरांचा आधार काढला. मेसाने डिसेंबर २०२१ मध्ये आपले जुन्या धाटणीचे ड्रायव्हर मुख्य शाखेतून काढून ‘अँबर’ नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले. २०२३ मध्ये कर्नलच्या ६.३ या आवृत्तीतून थ्रीडीएफएक्स, सॅव्हेज, मॅट्रॉक्स, एसआयएस अशा कार्डांचे डीआरआय १ पिढीतले ड्रायव्हर वगळले गेले. मग उघड्या मजकुराचा लाभ तो काय?

लाभ असा की, येथे वगळणे हा शेवट असतोच असे नाही. ३२ बिटी आर्चसाठी वेगळा समूह उभा राहिला आणि त्याने काम पुढे चालू ठेवले. इंटेलच्या २००६ च्या ९६५ चिपसंचापासूनचे जे ग्राफिक्स मेसाच्या जुन्या ड्रायव्हरवर अवलंबून होते, त्यांच्यासाठी डेव्ह एअर्ली यांनी २०२१ मध्ये ‘क्रोकस’ हा नव्या धाटणीचा ड्रायव्हर लिहिला. त्यामुळे जुना ड्रायव्हर गेल्यावरही ती यंत्रे मुख्य मेसावर चालत राहिली. मजकूर उपलब्ध होता आणि त्याचा अर्थ नव्या चौकटीत पुन्हा मांडणारा माणूस होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे भ्रष्ट का होईना, पण पाठ होते. पाठच नसते तर शुद्ध कशाचे करणार? डीआरआय १ च्या ड्रायव्हरांना असा कोणी भेटला नाही. त्यांची कार्डे कोणाच्या टेबलावर उरली नव्हती, बदल तपासून पाहणारे कोणी नव्हते. तेव्हा उघडा मजकूर म्हणजे अमरत्व नव्हे, हे आम्ही मान्य करतो. बंद मजकूर कुलपाने मरतो, उघडा मजकूर वाचकाअभावी मरू शकतो. दुसऱ्या प्रकारच्या मरणाची जबाबदारी आपल्यावर येते, आणि अभ्यासक्रमातून एकेक ग्रंथ निसटताना पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना ती टाळता येणार नाही.

आता शब्दाविषयी थोडे. गोठवलेल्या ड्रायव्हरांना कंपन्या ‘लेगसी’ म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वारसा. वडिलांकडून मुलाकडे येते ते. संगणकाच्या परिभाषेत मात्र टाकून द्यायचे राहून गेलेले ओझे, असा त्याचा अर्थ झाला आहे. मराठीत याहून प्रामाणिक शब्द आहे आणि तो आमच्या महाविद्यालयांच्या कार्यालयांत रोजच्या वापरातला आहे: निर्लेखन. डेड स्टॉक रजिस्टरमधून वस्तू खोडायची असेल तर ती नादुरुस्त आहे, दुरुस्तीचा खर्च परवडणारा नाही, असे कोणीतरी तपासून लिहावे लागते, समितीच्या सह्या व्हाव्या लागतात. या पद्धतीला आपण कितीही नावे ठेवू, तिच्यात एक न्याय आहे. निर्लेखन करतो तो वस्तूचा मालक, आणि वस्तू पाहून करतो. ड्रायव्हरच्या जगात हे निर्लेखन विक्रेता करतो. पैसे मोजून घेतलेल्या, आपल्या नोंदवहीत चालू स्थितीत असलेल्या वस्तूवर, ती न पाहता, दुसराच कोणी तांबडी रेघ ओढतो. आमचा मूळ आक्षेप या रेघेच्या अधिकाराला आहे.

तोवर वापरणाऱ्याने काय करावे? उपाय आहेत, आणि ते फारसे अवघड नाहीत. कार्ड कोणत्या घराण्यातले हे आधी शोधून लिहून ठेवावे. ‘एनव्हिडियाचे जुने कार्ड’ एवढे ज्ञान पुरत नाही. आर्चवर नव्या कर्नलबरोबर दीर्घ आधाराचे एलटीएस कर्नलही बसवून ठेवावे, म्हणजे एक अडले तर दुसऱ्यातून शिरता येते. बंद जुनी शाखा वापरायची तर डीकेएमएस रूपातली वापरावी आणि बसवलेल्या प्रत्येक कर्नलची हेडर पॅकेजेही बरोबर असावीत. ती नसतील तर ड्रायव्हर बांधलाच जात नाही. अद्ययावत करण्यापूर्वी आर्चच्या सूचना वाचाव्यात. डिसेंबर २०२५ चे निवेदन ज्यांनी आधी वाचले त्यांना काय करायचे ते आधीच कळले होते. एकच पॅकेज मागे रोखून बाकीचे पुढे नेण्याचा मोह टाळावा, कारण आर्चवर अर्धवट अद्ययावत करणे हेच पुष्कळ बिघाडांचे मूळ असते. आर्चचे संग्रहागार जुनी पॅकेजे जतन करते. त्यातून सगळी प्रणाली एखाद्या मागच्या तारखेला नेता येते, पण तो तात्पुरता मुक्काम समजावा, कारण तेथे सुरक्षेच्या दुरुस्त्या पोहोचत नाहीत. डेस्कटॉप गेला म्हणजे यंत्र गेले असे नव्हे. बहुधा कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबल्यावर अक्षरांचा साधा पडदा मिळतो आणि दुरुस्ती तेथून करता येते. आणि पुढच्या खेपेला यंत्र घेताना, दरपत्रकांची तुलना करण्याआधी, या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या झाडात आहे काय, हा प्रश्न खरेदी समितीत विचारावा.

हा शेवटचा प्रश्न आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. ग्रंथालयासाठी पुस्तक घेताना त्याची बांधणी आपण पाहतो, कारण ते पंचवीस वर्षे वाचले जावे अशी आपली अपेक्षा असते. यंत्राच्या बाबतीत ही अपेक्षाच आपण सोडून दिली आहे आणि कोणीतरी ठरवून दिलेले आयुर्मान निसर्गनियमासारखे मान्य केले आहे. २००८ चे एचडी ४००० चालते आणि २०१६ चे जीटीएक्स १०६० दाराबाहेर उभे राहते, हे एकदा शेजारी ठेवून पाहिले की त्यात निसर्गाचा संबंध नाही हे कळते. एकाचा मजकूर वाचता येतो, दुसऱ्याचा येत नाही.

आपल्या विद्यार्थ्यांना आपण पाठचिकित्सा शिकवतो. पोथी कोणाच्या ताब्यात होती, नक्कल कोणी केली, कोणाला करू दिली नाही, हे विचारायला शिकवतो. तेच प्रश्न त्यांनी आपल्या टेबलावरच्या यंत्रालाही विचारावेत, इतकेच आमचे सांगणे आहे. विभागातल्या चालत्या संगणकावर निर्लेखनाचा शेरा मारण्यापूर्वी तो शेरा आपण लिहीत आहोत की आपल्याकडून लिहवून घेतला जात आहे, एवढे तरी पाहून घ्यावे.